गाठीतला लाल रंग

पेन्सिलीसाठी म्हणून लिंडसे पायबसनं जाकिटाच्या खिशात हात घातला आणि हाताला काहीतरी मऊ लागलं. बंदराजवळच्या एका सहा मजली इमारतीत, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे, लिफ्टच्या टपावर तो उभा होता. कपाळावर दिवा, खाली खोल काळोख, वर तेलकट दोर, आणि भिंतीतून कुणाच्यातरी नळाचं पाणी वाहत असल्याचा आवाज. एकतीस वर्षं तो होबार्टमधल्या लिफ्ट तपासत आला होता आणि डाव्या खिशात पेन्सिल नाही असं या एकतीस वर्षांत झालं नव्हतं. मग लक्षात आलं, हे कामाचं जाकीट नव्हेच. ते हेदरनं धुवायला टाकलं होतं, आणि सकाळच्या घाईत त्यानं दाराआडचं शनिवारचं, शेतावर जायचं जाकीट अडकवलं होतं. त्यानं मूठ बाहेर काढून दिव्याखाली उघडली. लोकरीचे तुकडे. वीत-वीतभर लांब, मातकट, उन्हानं विटलेले. नऊ होते. कचराच, दुसरं काय! तो ते परत कोंबणार एवढ्यात एका तुकड्याच्या मधोमध, जिथं गाठ सोडवलेली होती तिथं, नखाएवढा भाग त्याला दिसला. तिथवर ऊन पोचलं नव्हतं. तिथला रंग अजून लाल होता, हात लावला तर बोटाला लागेल असा वाटणारा. लिफ्ट हलली नव्हती, तरी त्यानं हात पुढे करून दोर धरला. असं कधीही करायचं नसतं, हे तो नवीन माणसांना पहिल्याच दिवशी सांगत असे.

कालच, सोमवारी संध्याकाळी, ब्रॉनविनचा निरोप सगळ्या वाटेकऱ्यांच्या फोनवर आला होता. शेत तिचं, ह्यूऑनच्या खोऱ्यात, गावापासून तासाभरावर. पण पिकात शहरातल्या साठ घरांचा वाटा. पेरणीआधीच सगळे आपापला वाटा भरून मोकळे होत आणि मग जे पिकेल ते पेट्या भरून दर शनिवारी वाटलं जाई. पीक आलं तर पिकाची वाटणी, गारा पडल्या तर गारांची. ब्रॉनविन फार बोलणारी बाई नव्हती, लिहितानाही नाही. 'शनिवारी घेवड्याच्या वाफ्यात लाल लोकर बांधलेले वेल होते. ते बियाण्यासाठी राखले होते. झिगमंटचा घेवडा. कुणीतरी ते बाकीच्यांबरोबर उपटले आणि शेंगा पेट्यांत गेल्या. मागच्या वर्षीची राखीव बरणी गारा पडल्यावर दुबार पेरणीत संपली, त्यामुळे माझ्याकडे दुसरं बियाणं नाही. कुणी केलं ते मला नको. शेंगा हव्यात. पेटीत कागदासारख्या वाळलेल्या, पिवळ्या शेंगा आल्या असतील तर फेकू नका, शिजवू नका, मला आणून द्या.' लिंडसेनं तो निरोप जेवताना वाचला होता आणि त्याचं डोकं सणकलं होतं. बांधलेली खूण दिसत नाही लोकांना? त्यानं काटा खाली ठेवून तिथल्या तिथं सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: 'ज्यानं खूण बांधली त्यानंच ती सोडायची, एवढी साधी गोष्ट मोठ्या माणसांना सांगावी लागते. डोळे असून काय उपयोग?' त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. 'अगदी बरोबर, लिंडसे.' 'खरंय.' हेदर समोर बसून दूध-बटाटे कालवत होती. ती म्हणाली, "झालं का कीर्तन? बटाटे निवतायत." मग तासाभरानं टॅमसिनचं आलं. टॅमसिन म्हणजे यंदाच समुद्रापलीकडच्या मेनलँडवरून, सिडनीकडून, इकडे बेटावर राहायला आलेली मुलगी, कुणाचातरी सुटलेला वाटा घेऊन तिला जेमतेम दोन महिने झाले होते. 'बहुतेक मीच. मी त्याच वाफ्यात होते. लोकरीचं मला माहीत नव्हतं, मी सगळंच उपटत गेले. मला माफ करा.' कुणीतरी खाली लिहिलं, 'मेनलँडवाल्यांना लोकर फक्त स्वेटरमध्ये ओळखू येते!' आणि हसणारी तोंडं. लिंडसेनंही लिहिलं होतं, 'कबूल केलंस, बरं केलंस.' आणि मग तो झोपला होता. छान झोप लागली होती त्याला, हे आता टपावर उभं राहून आठवताना त्याच्या कानांतून वाफा निघायला लागल्या.

कारण हात त्याचे होते. डोळ्यांना आठवत नव्हतं, पण हातांना आठवत होतं. शनिवारी रात्री दंव गोठणार असा अंदाज होता म्हणून ब्रॉनविननं सगळ्यांना बोलावलं होतं, आणि खोऱ्यात धुकं उतरायच्या आत भोपळे, घेवडा, राहिलेले टोमॅटो, सगळं आत घ्यायचं होतं. डोंगरावर बर्फाची पहिली रेघ दिसत होती. कांगारूंच्या जातीतल्या बारक्या वॅलबी कुंपणाबाहेर टपून बसल्या होत्या, म्हणजे माणसं गेली की यांची पंगत बसायला मोकळी. सकाळी चहाच्या वेळी ब्रॉनविन गोठ्याच्या दारात उभी राहून काहीतरी सांगत होती. काय सांगत होती? लिंडसे तेव्हा आत क्रेट रचत होता. कुणीतरी ते वेडेवाकडे टाकले होते आणि वेडेवाकडे क्रेट त्याला बघवत नसत. त्यानं ते सगळे उतरवून मोठे खाली, लहान वर असे पुन्हा रचले, हँडल एका बाजूला आणून. तीन वर्षं तो तिथं येत होता, बटाटे काढायचा, पेट्या भरायचा, बिजागऱ्या दुरुस्त करायचा, पण घेवड्याच्या वाफ्यात त्याचं कधी काम पडलं नव्हतं. त्याच्या कानावर ब्रॉनविनचा आवाज पडत होता, शब्द पडत नव्हते. की पडत होते? 'लोकर' असा शब्द आला होता का? आला असेल आणि त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं असेल, कारण सूचना या दुसऱ्यांसाठी असतात असं त्याला आतून कुठंतरी वाटत असे. मग तो वाफ्यात गेला. पलीकडच्या बाजूनं टॅमसिन येत होती, नाकाला माती लागलेली, शेंग तोडली की "बघा ना, केवढी!" म्हणून दाखवायची. वेलांच्या बुडाशी दोरे दिसले. मळलेले, भुरकट दोरे. हे मातीत मिसळायला नकोत, असा विचारसुद्धा आला नसेल, रस्त्यातली काडी जशी बाजूला करतो तसा हात पुढं झाला. तोडले नाहीत, तोडले की बारीक तुकडे राहतात. वाकून एकेक गाठ सोडवली, खिशात घातली आणि वेल उपटला. एकेक. नऊ वेळा. गाठी घट्ट होत्या, नख दुखलं होतं. ते अजून थोडं दुखत होतं.

शाफ्टच्या दाराशी बाहेर, मुख्य स्विचला, त्याचा टॅग लटकत होता. लाल पुठ्ठ्याचा, त्यावर त्याचं नाव, आजची तारीख, आणि कुलूप. जोवर तो टॅग तिथं आहे तोवर जगात कुणीही ती लिफ्ट चालू करू शकत नाही. जो बांधतो तोच सोडतो. मालक आला तरी नाही, मंत्री आला तरी नाही. या एका नियमावर लिंडसे एकतीस वर्षं काळोखात उभा राहत आला होता आणि या एका नियमासाठी त्यानं नोएलची नोकरी घालवली होती. नोएल त्याचा जोडीदार. गाणं गुणगुणत काम करायचा, डबा कायम विसरायचा आणि लिंडसेच्या डब्यातलं अर्धं सँडविच हक्कानं उचलायचा. एकोणीस वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीनंतर नोएल आधी परत आला, स्विचला लटकलेला टॅग बघितला (तेव्हा कुलूप लावत नसत, नुसता टॅग असे), काढला आणि वीज सुरू केली. लिफ्ट चार फूट वर आली. लिंडसे टपावर होता. तो भिंतीला पाल चिकटावी तसा चिकटला म्हणून वाचला, खरचटलंसुद्धा नाही. टॅग तेलानं काळा पडला होता, शाई पुसली होती, हेही खरं. नोएल पांढराफटक पडून म्हणाला होता, "मला वाटलं जुना आहे रे कुणाचातरी. कचऱ्यासारखा दिसत होता." आणि लिंडसे म्हणाला होता, "वाटलं म्हणजे काय?" त्यानं अहवालात सगळं लिहिलं. खरं तेच लिहिलं. नोएल क्वीन्सलंडला गेला, एका नाताळात त्याचं कार्ड आलं, समुद्राचं चित्र असलेलं, आणि त्याला लिंडसेनं उत्तर पाठवलं नाही. आता शाफ्टच्या काळोखात त्याच्या तोंडात तेच वाक्य तयार होऊन बसलं होतं, एक शब्द इकडचा तिकडे नाही: मला वाटलं कचरा आहे.

दुपारी तो काम अर्धवट टाकून बाहेर आला, टॅग सोडला, तपासणीच्या कागदावर 'उर्वरित तपासणी उद्या' असं लिहिलं. पेन्सिल उसनी घ्यावी लागली. बंदरावर मासे विकणाऱ्या होडीशी माणसांची रांग होती, वारा बर्फाकडून येत होता, आणि लिंडसे नुसता चालत राहिला. आपल्या पेटीतल्या शेंगा कुठं गेल्या? शनिवारी संध्याकाळी ओट्यावर पेटी उपडी केली तेव्हा हिरव्या शेंगांत काही वाळक्या निघाल्या होत्या. त्यानंच वेचून बाजूला काढल्या. "शिळ्या घातल्यात या वेळी ब्रॉनविननं," असंही म्हणाला होता. आणि खताच्या पेटीत टाकल्या; काल निरोप वाचतानाही त्या आठवल्या नव्हत्या. म्हणजे तोडल्या कुणी, भरल्या कुणी, आणि फेकल्या कुणी! सगळीकडे आपणच. चूक करावी ती इतकी नीटनेटकी की तिचा कणसुद्धा मागे राहू नये.

घरी पोचेपर्यंत उन्हं कलली होती. तो तसाच मागच्या अंगणात गेला, खताच्या पेटीचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात घातला. आत ऊब होती. बाहेर बोटं गोठत होती आणि आत, चहाची पूड, अंड्याची टरफलं, कोबीची पानं यांच्यामध्ये, आजारी माणसाच्या अंथरुणासारखी ऊब. शेंगा सापडल्या. बहुतेक फुटल्या होत्या, दाणे टम्म फुगले होते, आणि तिघाचौघांना पांढरे मोड आले होते, बाळाच्या दातासारखे. तो बघत राहिला. यांना वाटलं वसंत आला. चव्वेचाळीस वर्षं ज्यांना फक्त घाई करायला शिकवलं त्यांनी इथंही घाई केली. झिगमंटची गोष्ट शेतावर सगळ्यांना ठाऊक होती. तो पोलंडहून आलेला, वरच्या डोंगरात धरणं बांधली, मग ब्रॉनविनच्या शेजारची जमीन घेतली. त्याचा घेवडा चवीला असा की नुसत्या लोण्यामिठाबरोबर खावा, पण त्याला वाळायला मे उजाडायचा आणि इकडच्या उलट्या ऋतूंत, हिवाळ्याच्या तोंडाशी, खोऱ्यात दंव एप्रिलच्या शेवटी. दरवर्षी अर्धं पीक काळं पडायचं. म्हणून म्हाताऱ्यानं काय केलं, तर दरवर्षी ज्या वेलाच्या शेंगा सर्वांत आधी वाळतील त्यांना बायकोच्या जुन्या स्वेटरची लोकर बांधली, आणि तेवढंच बी पेरलं. पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. चव्वेचाळीस वर्षांत त्या घेवड्यानं पंधरा दिवस कमावले. फक्त पंधरा दिवस; पण तेवढेच हवे होते. दोन हिवाळ्यांपूर्वी झिगमंट गेला तेव्हा ब्रॉनविनकडे जॅमची एक बरणी आणि लाल लोकरीचा गुंडा आला होता.

"काय शोधतोयस?" मागच्या दारातून हेदरनं विचारलं.

"चमचा. चहाचा चमचा गेला वाटतं टरफलांबरोबर."

"सहाच्या सहा चमचे ड्रॉवरमध्ये आहेत."

"मग नसेल गेला."

"लिंडसे, बाही कोपरापर्यंत चिखलात आणि म्हणे चमचा! लग्नातली अंगठी तरी म्हणायचीस, मी धावत आले असते." तेहेतीस वर्षांचा संसार. त्याचं खोटं तिला पावलांवरूनही ओळखू यायचं. पण ती आत गेली. ती आत गेल्याचं त्याला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाज वाटली. बंद राहिलेल्या दोन शेंगांत मिळून पाच दाणे कोरडे निघाले, तपकिरी, पोटावर एक पांढरी रेघ. गॅरेजमध्ये वर्तमानपत्रावर त्यानं ते मांडले. एका ओळीत, सारख्या अंतरावर. मग स्वतःचाच राग येऊन ती ओळ विस्कटली.

आता सांगायचं होतं, एवढंच. फोन उचलायचा, दोन ओळी लिहायच्या. बुधवारी सकाळी त्यानं त्या लिहिल्याही. 'टॅमसिन नव्हे, मी.' पुसल्या. लांब लिहिल्या, त्यात धुकं, घाई, क्रेट, विटलेला रंग आला. वाचल्यावर अगदी नोएलच्या सबबीसारखं वाटलं, तेही पुसलं. त्याच्या वर त्याचंच वाक्य टांगलेलं होतं, 'डोळे असून काय उपयोग', आणि खाली अजूनही एखादा अंगठा येऊन पडत होता. एक मन म्हणे, पोरीनं कबूल केलंय, आठवड्यात लोक विसरतील, ती तरुण आहे, तिचं काय जातंय. दुसरं मन काही म्हणत नव्हतं, नुसतं नखाखाली दुखत होतं. लिफ्टच्या आत छोट्या चौकटीत त्याच्या सहीचा कागद असे, 'तपासली, सुरक्षित आहे'. हजारो माणसं तो न वाचता वर-खाली जात. त्या दिवशी दोन इमारतींत सही करताना त्याचा हात थबकला. लिफ्टमध्ये काही दोष नव्हता, त्यानं तीनतीनदा बघितलं.

बुधवारी संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. हेदरनं दार उघडलं आणि स्वयंपाकघरात बसलेल्या लिंडसेला टॅमसिनचा आवाज ऐकू आला. तो ताडकन उठला, मग बसला, मग पुन्हा उठला.

"सॉरी, जेवणाच्या वेळी आले," टॅमसिन म्हणत होती. "मी सगळ्यांकडे जातेय, घेवड्यासाठी. वाळक्या शेंगा राहिल्या असतील तर..."

"अगं, आमच्याकडे कसलं काय राहतंय!" हेदर म्हणाली. "हा माणूस वस्तू जमिनीवर पडायच्या आत उचलून टाकतो. खताच्या पेटीत गेल्या असणार. लिंडसे, बाहेर ये जरा."

तो बाहेर आला. पोरीचे डोळे सुजलेले होते. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत कापडात गुंडाळलेले दाणे. एकेका घरातून दोन, चार, कुठे एक. बाहेर रस्त्यावर सायकल आडवी टाकलेली. या चढाच्या रस्त्यांवर, सायकलनं! "सत्तावीस घरं झाली," ती म्हणाली. "काहींनी आधीच सूपमध्ये घातले. एका आजोबांनी सूप उपसून दाखवलं मला. तुम्ही रागावलात ते बरोबरच होतं हो. मी रात्रभर तेच वाचत होते. मी खरंच आंधळ्यासारखी उपटत गेले असणार."

"तसं नाही..." लिंडसे म्हणाला. आता. आता सांगायचं. हेदर शेजारी उभी होती, दाराच्या चौकटीला टेकून, आणि हॉलमधलं घड्याळ फार मोठ्यानं वाजत होतं. "थांब," एवढंच तो म्हणाला, गॅरेजमध्ये गेला आणि ते पाच दाणे ओंजळीत घेऊन आला.

टॅमसिननं दाण्यांकडे बघितलं, मग त्याच्या नखांतल्या काळ्या मातीकडे. "तुम्ही खतात हात घालून काढलेत? माझ्यासाठी?" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि काही कळायच्या आत तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले. पत्र्याचा डबा त्याच्या पाठीत रुतला. लिंडसेचे हात दोन्ही बाजूंना लोंबत राहिले. "थँक यू," ती म्हणाली, "खरंच थँक यू," आणि त्याच्या तोंडून, कुणी दुसऱ्यानंच म्हटल्यासारखं, बाहेर पडलं, "अगं, त्यात काय." ती सायकल उचलून गेली. लाल दिवा वळणापर्यंत दिसत होता. हेदरनं ताटं वाढली, जेवताना ती पलीकडच्या घरातल्या कुत्र्याबद्दल बोलली, आणि लिंडसेला एकही घास गिळवेना. स्वतःची एवढी किळस त्याला कधी आली नव्हती, नोएलबद्दल अहवाल लिहितानाही नाही. तेव्हा तर उलट वाटली होती ती एक प्रकारची धन्यता, की मी नियमानं वागलो आणि दुसरा चुकला. ती धन्यता एकोणीस वर्षं पुरली होती.

गुरुवार आणि शुक्रवार कसे गेले हे त्याला नीट सांगता आलं नसतं. तो झोपला नाही असं नाही, पण झोपेत गाठी सोडवत राहिला. जाकीट खुंटीवर होतं, खिशात ते नऊ तुकडे. येता-जाता तो खिसा वरून चाचपायचा, आहेत ना. एकदा वाटलं, जाळून टाकावेत, शेकोटी समोरच आहे. त्यानं ते बाहेर काढलेही. प्रत्येकाच्या मधोमध तो लाल ठिपका. नऊ लाल ठिपके. ते बघून जाळायचा विचार गेला, आणि त्या विचाराची भीती मागं राहिली. शुक्रवारी हेदर इस्त्री करता करता म्हणाली, "उद्या मी येऊ का तुझ्याबरोबर शेतावर?"

"कशाला?"

"सहज. कुणी सोबत असलं की बोलायला सोपं जातं."

"काय बोलायला?"

"मला काय माहीत? चमच्याबद्दल." तिनं शर्ट उलटा केला. तो एकटाच जाईन म्हणाला, आणि ती बरं म्हणाली.

शनिवारी खोऱ्यात दंव पडून पांढरं झालं होतं. घेवड्याचा वाफा नांगरून सपाट केला होता आणि त्यात लसणाची लावण चालली होती. इकडे एप्रिलअखेरच्या अँझॅक दिनाच्या आगेमागे लसूण जमिनीत जातो. लिंडसे गाडीतून उतरला तेव्हा ब्रॉनविन शेडच्या मागे पाण्याच्या नळीवरचा बर्फ टाचेनं फोडत होती. आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून तो थेट तिच्याकडे गेला. खिशातून मूठ काढली आणि उघडली.

ब्रॉनविननं बघितलं. तिला धक्का बसला नाही. "नऊच्या नऊ?" ती म्हणाली.

"ब्रॉनविन, मला वाटलं..." तो थांबला. तेच वाक्य. त्यानं ते गिळलं. "मी सोडवले. मीच. टॅमसिननं नाही."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"अरे बाबा, उपटताना लोक लोकर ओढून तोडतात, वाफ्यात तुकडे पडतात, मुळांना अडकून येतात. गेल्या शनिवारी संध्याकाळी मी कंदील घेऊन बघितलं, एक धागा नाही. गाठ सोडवून खिशात घालणारा माणूस या शेतावर एकच आहे." तिनं पुन्हा टाच मारली, बर्फ फुटला. "त्या पोरीला मी म्हटलं, तू नसशील गं. ऐकेना. तुझं ते डोळ्यांचं वाचून बसली होती."

"मग तू बोलली का नाहीस?"

"मी लिहिलं होतं ना, कुणी केलं ते मला नको. माझं बी मला हवं होतं, ते ती दारोदार हिंडून आणतेय. आणि बाकीचं..." ब्रॉनविननं शेडकडे हनुवटी केली. "माफी तिनं मागितलीय, मी नाही. मला कशाला सांगतोस? तिला सांग."

शेडमध्ये लांब टेबलाभोवती सात-आठ जण लसणाचे गड्डे फोडून पाकळ्या वेगळ्या करत होते. थर्मासमधला चहा, कुणीतरी घरी भाजून आणलेले स्कोन, रेडिओवर फुटबॉलची बडबड. क्रेट वेडेवाकडे पडले होते. टेबलाच्या टोकाला टॅमसिन, समोर पांढरी बशी, बशीत दाणे. ती एकेक उजेडात धरून भोक पडलंय का बघत होती. "एकसष्ट!" त्याला बघून ती म्हणाली. "त्यातले पाच तुमचे. ब्रॉनविन म्हणते एवढ्यावर घेवडा एक वर्ष तगेल." लिंडसे उभाच राहिला. बसलं असतं तर बोलणं झालं नसतं. त्यानं लोकरीचे तुकडे बशीशेजारी टेबलावर ठेवले, ओळीत न लावता, आणि म्हणाला, "हे माझ्या खिशात होते. मंगळवारपासून मला माहीत आहे. वेल मी उपटले, टॅमसिन. तू नव्हतीस. लिहिलं ते मी स्वतःबद्दलच लिहिलं आणि मला कळलंही नाही. तू घरी आलीस तेव्हा कळलेलं होतं, तरी गप्प बसलो."

कुणीतरी रेडिओ बारीक केला. टॅमसिनच्या बोटांत एक दाणा होता. तो तिनं बशीत ठेवला. ती रडेल असं त्याला वाटलं होतं, किंवा ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी तुम्हाला मिठी मारली होती," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, त्यात काय."

"हो."

"पाच दिवस, लिंडसे. मी नवऱ्याला म्हटलं, परत जाऊया सिडनीला, इथल्या लोकांच्या गोष्टी मला कधी कळायच्या नाहीत. तो खोकी शोधायला लागला होता." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमचा तो नियम काय? जो तुम्ही सगळ्यांना सांगितलात?"

"ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं."

"कशाचा आहे तो?"

"लिफ्टचा. मी वर काम करत असताना खाली स्विचला टॅग असतो. माझ्या नावाचा. मी सोडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही." आणि मग, कुणी विचारलं नसताना, तो म्हणाला, "माझा एक मित्र होता, नोएल. त्यानं एकदा काढला, चुकून. मी त्याला सोडलं नाही." हे वाक्य त्यानं आजवर कुणापुढे, हेदरपुढेसुद्धा, अशा शब्दांत म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर ते फार छोटं वाटलं.

टॅमसिननं नऊ तुकड्यांतला एक उचलला. "हात," ती म्हणाली. त्याला कळलं नाही. "हात पुढं करा." त्यानं उजवा हात पुढं केला. तिनं बाही मागं सारली, लोकर मनगटाभोवती घेतली आणि गाठ मारली, मग त्यावर दुसरी, दातओठ खाऊन आवळल्यासारखी.

"आता हा कुणी सोडायचा?"

"तू," लिंडसे म्हणाला.

"कधी, ते विचारू नका. मला अजून माहीत नाही." ती पुन्हा बसली आणि बशी जवळ ओढून दाणे बघायला लागली. ब्रॉनविन दारात येऊन उभी होती. तिनं लसणाचा एक गड्डा त्याच्यापुढं टाकला आणि रेडिओ पुन्हा मोठा केला.

लिंडसे बाकावर बसला. मशीनजवळ जाताना मनगटावर काही असायचं नाही, घड्याळसुद्धा नाही, हेही तो नव्या माणसांना पहिल्याच दिवशी सांगत असे. सोमवारी बाहीचं बटण लावावं लागणार होतं, आणि तरी विचारणारे विचारणारच होते. त्यानं मनगट वळवून बघितलं. गाठ नव्या जागी बसली होती. जुन्या गाठीतला लाल ठिपका आता बाहेर आला होता, मनगटाच्या अगदी वर, टेबलाभोवतीच्या सगळ्यांना दिसेल असा. बाही खाली ओढायला त्याचा डावा हात निघाला, आणि त्यानं तो लसणाकडे वळवला.